पुसलेलं विमान

अण्णा, आज मंगळवार असूनही तुळजापूरच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. सोलापूरकडून येणाऱ्या गाड्या थेट मंदिराकडं चालल्यात, आणि काचेवर देवीचं नाव लावून घ्यावं असं कुणाच्या मनात येईना. रेडियम कापायचं मशीन बंद करून बसलोय. आतल्या खोलीत नवं मॉडेल विमान आहे, पांढऱ्या फोमचं, अजून रंग न लागलेलं. तुम्ही ज्यांची देखभाल करायचात त्याच जातीचं, जेट. इतकी वर्षं मी असलं घ्यायचं मुद्दाम टाळलं. जुन्या महायुद्धातली पंख्याची विमानं घेत राहिलो, कारण त्यात काही चुकलं तर तुम्हाला ओळखता आलं नसतं. तुम्ही गेल्यावरही तीच सवय राहिली. आता या जेटचं काही चुकलं तर सांगायला कुणीच नाही, हे सकाळी लक्षात आलं आणि लिहायला बसलो.

अण्णा हवाई दलात होते असं मी कुणाला सांगितलं की समोरचा लगेच विचारायचा, विमान चालवायचे का? मग मला सांगावं लागायचं की नाही, ते जमिनीवर असायचे, विमान उडायच्या आधी आणि उतरल्यावर ते त्यांच्या ताब्यात असायचं. लहानपणी हे सांगताना जरा कमीपणा वाटायचा. सुट्टीत आपल्या गावी, जळकोटला, फौजी बाप आले की दुसऱ्यांच्या ट्रंकेतून बिस्किटं निघायची, कॅन्टीनचे बूट निघायचे. तुमच्या ट्रंकेतून माझ्यासाठी निघाला बुटाचा ब्रश. चांगला होता, लाकडी मुठीचा, पण ब्रशच. माझ्याकडं तेव्हा बूट नव्हते, चपला होत्या. तुम्ही म्हणालात, "मंग चपला पूस." मी पुसल्या, दुसरा इलाज नव्हता. नोकरी संपवून गावी आलात तरी तुमचे हात काही थांबले नाहीत. एसटीत बसायच्या आधी रुमालानं सीट पुसायची, पारावर कुणाशी बोलत उभं राहिलं की बोलता बोलता त्याच्या मोटारसायकलची टाकी पुसायची. अंघोळीचं पाणी तापवायच्या पातेल्याचं बूड तर तुम्ही चकचकीत घासून ठेवायचात. आई म्हणायची, "आवो, ते उद्या परत काळं हुनार हाय." तुम्ही म्हणायचात, "उद्याचं उद्या बगू." लोक हसायचे. मीही हसायचो.

विमानांचा नाद मला तुमच्यामुळं लागला असं सगळ्यांना वाटतं, मी ते कधी खोडून काढलं नाही. हैदराबादहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरनं हायवेवर पहिलं खोकं माझ्या हातात दिलं, तेव्हा मी चाळिशीला टेकलेला, दोन पोरांचा बाप होतो. तुम्ही खोक्याकडं बघून विचारलंत, "पोरांला आनलंस व्हय?" मी म्हणालो, "न्हाय, मला." तुम्ही खुर्ची जवळ ओढून बसलात. रिमोटवर ते उडतं हे कळल्यावर तुम्हाला फारसं नवल वाटलं नाही. मलाही उडवण्यापेक्षा त्याला खऱ्यासारखं करण्यातच जास्त गोडी होती. खोक्यातून निघतं ते गुळगुळीत खेळणं असतं. मग शाई संपलेल्या बॉलपेननं फोमवर रेघा दाबायच्या, म्हणजे पत्र्याचे जोड दिसतात. रिकाम्या रिफिलचं तोंड एकाशेजारी एक टेकवत गेलं की रिवेटांची ओळ उठते. कान साफ करायच्या काडीची नळी कापून बंदुका करायच्या, शेपटीपर्यंत बारीक नायलॉनचा दोरा ताणून एरियल करायची. पंखावरची गोल निशाणं मी दुकानातच रेडियममध्ये कापली. तुम्ही ती हातात घेऊन उजेडात धरलीत आणि म्हणालात, "कापलंय झ्याक." तुमच्याकडून एवढं ऐकायला मला चाळीस वर्षं लागली होती, म्हणून लक्षात आहे.

सगळ्यात शेवटी लावायची असते ती घाण. हे मी तुम्हाला आधी नीट सांगायला हवं होतं. लढाईतलं विमान कोरं करकरीत नसतं, इंजिनाच्या धुराचे पट्टे मागं पसरलेले असतात, तेल ओघळलेलं असतं, माणसं पाय देऊन चढतात तिथला रंग झिजून पत्रा दिसतो. हे सगळं लावलं तरच फोमचं विमान खरं वाटतं, आणि या नादातली माणसं एकमेकांचं कौतुक करतात ते याच घाणीवरून. मी आईच्या पातेल्याच्या बुडाची काजळी तुम्ही घासायच्या आत खरवडून घेतली, बोटानं चोळून धुराचे पट्टे ओढले. चंदेरी पेनानं पंखाच्या मुळाशी रंग उडाल्याच्या खुणा केल्या. कितीतरी संध्याकाळी त्यात गेल्या. झालं तेव्हा माझं मलाच खरं वाटेना, इतकं ते जमलं होतं. दिवाबत्तीच्या वेळेला मी ते तुमच्यासमोर आणून ठेवलं.

तुम्ही चष्मा लावलात. बराच वेळ बघितलंत. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलणार. तुम्ही म्हणालात, "हे मशीन कुणाच्या ताब्यात हुतं रं?"

मी हसलो. म्हणालो, "कुणाच्याच न्हाय, अण्णा. मॉडेल हाय. लढाईवरनं आल्यासारखं केलंय."

"लढाईवरनं आलं म्हनून काय झालं? खाली मानसं नव्हती का?" मग पंखाच्या मुळाशी बोट ठेवलंत. "आनि हे काय?"

"तुमच्यासारखी लोकं बूट घालून चढतेत, त्यानं रंग झिजतोय तिथं."

"आमी चटई टाकल्याबिगर पाय देत नव्हतो," एवढं म्हणालात आणि चष्मा काढून ठेवलात. मी विमान उचलून कपाटावर ठेवलं. राग आला नव्हता मला, खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या कामाच्या जवळचं काही केलं होतं, आणि तुम्हाला त्यात फक्त कामचुकारपणा दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून बाहेर येतो तर तुम्ही उन्हात पायरीवर बसलेले. मांडीवर गोधडीची घडी, घडीवर माझं विमान, शेजारी कोमट पाण्याचा तांब्या आणि जुन्या धोतराचं फडकं. तुम्ही नाकाकडून शेपटीकडं पुसत होतात, एका हातानं पंख खालून तोलून धरलेला. काजळी सगळी गेलेली. एरियलचा दोरा मात्र जागच्या जागी ताठ होता, काडीच्या बंदुकांना धक्का लागला नव्हता, निशाणांची कड उचलली नव्हती. मला बघून म्हणालात, "झालं बग. इथला रंग गेलाय तेवढा निघंना, त्याला रंगच मारावा लागंल. ध्यानात ठिव." चंदेरी पेनाच्या त्या खुणा तुम्ही घासून बघितल्या होत्या.

मी "बरं" म्हणालो आणि विमान आत नेलं. आपण केवढा समजूतदारपणा दाखवला असं मला तेव्हा वाटत होतं. दोन दिवसांनी मी ते चादरीत बांधून मोटारसायकलवर तुळजापूरला दुकानात आणलं, तिथं नव्यानं काजळी लावली. पुढची विमानं तर घरी आलीच नाहीत. तुम्ही एकदा जेवताना विचारलंत, "इमान कुठं गेलं?" मी म्हणालो, "दुकानात. तिथं जागा हाय." तुम्ही मान हलवलीत आणि भाकरी मोडलीत.

त्यानंतर तुम्ही दोन वर्षं होता. पेन्शनच्या कामाला तुळजापूरला आलात की दुकानात येऊन बसायचात, हे स्टूल अजून तेच आहे. मी नंबर प्लेट कापायचो, तुम्ही बघायचात, मग खिशातून रुमाल काढून काउंटरची काच पुसायचात. आतल्या खोलीला प्लास्टिकचा पडदा होता आणि पडद्यामागं विमानं टांगलेली होती. तुम्ही आत जाऊ का असं कधी विचारलं नाहीत. मी या म्हणालो नाही. चहा मागवायचो, तुमचा चहा झाला की एसटीपर्यंत सोडायला यायचो. रविवारी गावाबाहेरच्या पडीक रानात मी विमानं उडवायचो, ते रान आपल्या घरापासून चालत जाण्यासारखं होतं, तरी तुम्हाला कधी घेऊन गेलो नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची विमानं तयार करून वर पाठवणाऱ्या माणसानं मुलाचं विमान उडताना बघितलं नाही. मनाशी मी एवढंच म्हणायचो की त्यांना ते आवडत नाही, उगाच कशाला.

तुम्ही गेल्यावर वर्षभरानं असेल, आई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि मी पाटावर बसलो होतो. बोलता बोलता गंमत म्हणून मी म्हणालो, "अण्णांनी माझं इमान धुऊन काढलं हुतं, आठवतंय का गं?" मला वाटलं ती हसेल.

"आठवतंय की," ती म्हणाली. "लई खूश हुते त्या दिवशी. जेवताना म्हनले, आज लई वर्सांनी हात चालले बग. आता पोरगं दुसरं कवा आनतंय की, म्हनले. ते फडकं धुऊन वाळवून खुंटीला लावून ठिवलं हुतं. म्या भांड्याला घेतलं तर केवढं वरडले माझ्यावर."

मी विचारलं, "मला का सांगितलं न्हाईस?"

"तुला म्हाईत असंल की. तूच दिलं हुतंस न्हवं त्यांला पुसाय?" असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली. मी हो म्हणालो. तिला दुसरं काय सांगणार होतो? जेवलो नीट, उठलो, मागच्या दारी जाऊन उभा राहिलो. तुम्ही मला नावं ठेवत नव्हतात, तुम्ही माझ्यासोबत काम करत होतात. मी घाण लावायची आणि तुम्ही काढायची, असं चाललं असतं तर विमानाला काय फरक पडला असता? काजळी तर घरच्या पातेल्याला रोज नवी धरत होती. दोन वर्षं तुम्ही दुसऱ्या विमानाची वाट बघत होतात आणि मी ती पडद्यामागं टांगून तुम्हाला चहा पाजत होतो. हे मनात आलं की अजूनही माझा मलाच संताप येतो.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगतो, तिच्यामुळंच खरं हे लिहितोय. आमच्यात मुरुम गावचा एक जण विमान उडवायला येतो, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, हात फार बारीक. मी नेहमीसारखं विमान आणलं होतं. त्यानं ते उचललं तर त्याचे हात काळे झाले, वरून दव पडलेलं, सगळे पट्टे फिसकटले. तो म्हणाला, "तू अजून वरनं वार्निश मारत न्हाईस व्हय? कमाल हाय राव तुजी. बिनचमकीचं मिळतंय बग. एक हात मार, मंग कितीबी पूस, काजळी हलत न्हाय." मी हातातला रिमोट त्याच्याकडं दिला आणि बांधावर जाऊन बसलो. त्याला वाटलं मला चक्कर आली. इतकं साधं होतं, अण्णा. तुमचं पुसणंही चाललं असतं आणि माझी काजळीही राहिली असती. आमच्या दुकानांच्या ओळीतल्या पेंटरकडं वार्निशचा डबा कायम उघडा असतो.

या जेटला मी ते मारणार आहे. आधी रेघा, रिवेट, पायलटच्या बसायच्या जागेतली घड्याळांची काळी पाटी, पोटाखालच्या बारीक सूचना, मग रंग, मग काजळी, मग वार्निश. पोटाखाली नेमकं काय लिहिलेलं असायचं ते तुम्हाला तोंडपाठ असणार, मला फोटोत वाचता येत नाही, तिथं मी नुसत्या रेघा ओढीन. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. बॅनरच्या फायलींमध्ये लिहितोय, संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करताना राहिलं तर राहील. लिहायला सुरुवात केली तेव्हा शेवटचं वाक्य मनात ठरलेलं होतं, की आज तुम्ही असता तर काजळी लावलेलं विमान तसंच तुमच्या मांडीवर आणून ठेवलं असतं आणि पुसा म्हणालो असतो. पण ते खरं नाही. आणून ठेवलं असतं, पण वार्निश मारून. तुम्ही सकाळभर उन्हात पुसत बसला असता, काजळी निघाली नसती, आणि का निघत नाही ते मी तुम्हाला सांगितलं नसतं.