उष्ट्या धुराविरुद्ध माझा लढा

आदरणीय मामा,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच वाकलो, उरलेला अर्धा भेटीत.) गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? तुमच्या पंचाहत्तरीला मी दिलेलं ‘मुक्ती’ हे शिल्प पुस्तकांच्या कपाटावर सुखरूप आहे ना? फोनच केला असता, पण मी विषयाला हात घालतो न घालतो तोच तुम्ही ‘बरं, ठेवतो’ म्हणता. पत्राला ती सोय नाही.

विषय गाडीचा आहे, म्हणजे तुमच्या भाचेसुनेच्या गाडीचा. येत्या सोमवारी ती नव्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू होते आहे. शाळा तीस किलोमीटरवर, तिकडे बस जात नाही, आणि गाडीच्या धूर-तपासणीची मुदत शुक्रवारी संपते. गाडी तपासणीत नापास झाली आहे. दोष माझा, यावर घरात एकमत आहे. (मतदार दोन, त्यातला मी तटस्थ.)

झालं असं की दोन महिन्यांपूर्वी गाडी चढावर धापा टाकायला लागली. मेकॅनिकने बॉनेट उघडून इंजिनाच्या कुशीतली मुठीएवढी धातूची एक वस्तू दाखवली. काजळीने तुंबली होती. साफ करून देतो म्हणाला, दोन तासांचं काम. मी तिथेच गप्प बसलो असतो तर हे पत्र जन्माला आलं नसतं. पण अडाणी राहणं मला कधी जमलं नाही. ही वस्तू करते काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, “काही नाही साहेब, गाडीने सोडलेला धूर थोडा परत तिलाच खायला घालते. उष्टा धूर म्हणा ना.”

उष्टा! मामा, कुणी कुणाचं उष्टं खाऊन जगू नये, हे ज्याने तीस वर्षं व्यासपीठावरून गर्जून सांगितलं, त्याच्याच दारात एक मुकं यंत्र रोज स्वतःचं उष्टं गिळत होतं! मी जुन्या टायरवर चढलो आणि बोललो. मेकॅनिक मध्ये म्हणाला की कंपनीने काहीतरी विचार करूनच लावलं असेल. त्यावर मी आणखी पेटलो. अहो, जगातली प्रत्येक बेडी कुणीतरी विचार करूनच घडवलेली असते! पंक्चर काढायला आलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. (एकाची मला वाटतं डास मारण्यासाठी होती.) शेवटी मेकॅनिकने हात जोडले, वस्तू काढली आणि भोकावर चकती बसवली. गाडी हरणासारखी पळू लागली. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा तेवढा लागला, तो विझेना. हिने विचारलं तेव्हा मी तो विजयाचा दिवा असल्याचं सांगितलं. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मी सहसा सावध व्हायला हवं.

या सोमवारी तपासणी केंद्रावर गेलो. तिथल्या तपासनीस बाईंनी मागच्या नळीत नळी घातली, धूर स्वच्छ! मी रुमालाने कपाळ पुसून आभाराचं भाषण जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी गाडीला संगणकाची वायर जोडली, बॉनेट उघडलं आणि चकतीवर पेन टेकवून विचारलं, “इथला पार्ट कुठंय?” मी उष्ट्याचा सिद्धांत मांडायला घेतला. प्रस्तावनेतच त्यांनी मला अडवलं. “काका, मागे नऊ गाड्या आहेत. तो थोडा धूर परत आत गेला की आतली आग जरा निवते. नाहीतर विषारी वायू वाढतो, तो डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या गाडीने उष्टं खाल्लं नाही ना, तर ते आम्ही खातो. दिवसभर, इथं उभं राहून.”

मामा, मी भाषण आवरलं आणि गाडी रांगेतून बाहेर काढली. विरोधकांनी माईक बंद पाडला तेव्हाही आवरलं नव्हतं.

घरी येताना मेकॅनिककडे थांबलो. नवा पार्ट यायला दीड महिना लागेल म्हणाला. तरी मी खचलेलो नाही. माझं मत तसूभरही बदललेलं नाही. ते आता फक्त दुसऱ्या बाजूने खरं आहे. उष्टं दुसऱ्याच्या गळी मारणं हा खरा अन्याय, आणि त्याविरुद्ध मी त्याच टायरवर उभा राहून बोलणार आहे. (मेकॅनिकने टायर आत नेऊन ठेवला आहे. पाहू.)

मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. ‘मुक्ती’ शिल्प गुरुवारपर्यंत परत लागेल. लाकडी बैठकीखालचे दोन स्क्रू काढले की ते सुटतं. मामींनी घासून चकचकीत केलं असेल तर तसंच द्या, उलट बरंच.

ता. क. दुसरा. भेट मिळाली त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, “हे गाडीचं काही आहे का रे?” त्यावर शिल्पकलेबद्दल मी जे चाळीस मिनिटं बोललो, ते सगळं मागे घेतो. थोडं आपलंच परत गिळलं की आतली आग खरोखर निवते.

ता. क. तिसरा, माझ्याकडून, म्हणजे यांच्या बायकोकडून. मामा, काही सोडवून पाठवू नका. मंगळवारी मामींना फोन करून मीच ते घेऊन गेले. तुमच्या कपाटावर आता फुलदाणी आहे, लक्षात आलं नसेल. मेकॅनिकने ते जागेवर बसवलं, त्याच संध्याकाळी गाडी पास झाली, दिवाही विझला. हे दोन दिवस पत्रच लिहीत आहेत, तेव्हा त्यांना कळवू नका. घर फार शांत आहे.