मला आयतं देऊ नको

प्रतीक्षा बेटा,

पोळ्याच्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, तुझी सासू, माझी सिंधू, गेली. तेव्हापासून तू मला उठूच देत नाहीस. ताट हातात, पाणी हातात, चपलासुद्धा पायापाशी. तुझी माया मला कळते.

पण सिंधूलाही मी असंच जपलं. डॉक्टरांनी तिला गुडघ्यांसाठी रोज दहा वेळा खुर्चीवरून उठून परत बसायला सांगितलं होतं. ती सुरू करायची आणि मीच अडवायचो. ‘काऊन जिवाले तरास? पडून राह्य, मी आणतो.’ ती हसायची, ‘तुमी मले महाराणी करून ठेवलं.’ दोन वर्षांत तिच्या पायातला जोर गेला. न्हाणीत पडली, मग उभी राहिलीच नाही. हे मी रवीला, तिच्या लेकाला, अजून सांगितलं नाही.

मी फाट्यापर्यंत पायी चाललो आहे. रवीला गाडी घेऊन मागे पाठवू नको. आल्यावर ताट खाली वाढ, पाणी माझं मी घेईन. उठताना धडपडलो तरी धावत येऊ नको.

जमिनीवरून हात न टेकता उठणं अजून जमलेलं नाही.

बाबा