सळीतली घाण

पासिर मास,
सोमवार, १३ फेब्रुवारी २०१७

शुक्रीस,

अस्सलामु अलैकुम. सलामाला उत्तर देणं तुझ्यावर बंधनकारक आहे, म्हणून तेवढा घालतो. खुशाली विचारत नाही, ती बाजारातल्या फलकावर दिसते. पांढरा कोट घालून, हातात पाण्याचा पेला धरून हसतो आहेस. मी सहावीत शाळा सोडली आणि तू पुढे शिकलास हे खरं, पण कोट घालण्याइतकं कधी शिकलास ते मला आठवत नाही.

फोनवर माझा नंबर तू बंद केलास. कागद बंद करता येत नाही.

इकडे पाऊस थांबला. नळाला नेहमीसारखं पिवळं पाणी येतं आहे. माझ्याकडे पंपांची कामं आहेत. तुझ्या रोझितावहिनीने तुझ्या मुलांसाठी मासळीचे पापड वाळवून ठेवले आहेत, त्यांचा या भांडणाशी संबंध नाही.

आता आईच्या स्वयंपाकघरातल्या गाळणीबद्दल. मी बसवलेली वाळूची टाकी तू उपटून मागच्या अंगणात टाकलीस आणि तिच्या जागी तू विकतोस ते पाण्याचं यंत्र बसवलंस. तिच्यात आता शेजारच्या मेक यमची बदकं बसतात. ती टाकी एकोणीस वर्षं चालली. पाणी आधी वरून हवेत सांडायचं, त्यातलं लोखंड गंजून खाली बसतं, मग कोळसा, मग तीन जाडीची वाळू. हे मला कुणी शिकवलं नाही. मी नदीची वाळू चाळून चाळून शिकलो. तुझं यंत्र पाणी स्वच्छ करतं, हे मी नाकारत नाही. त्याची जाळी चांगली आहे. मी उघडून बघितली.

पण स्वच्छ पाणी म्हणजे औषध नव्हे. हे वाक्य दोनदा वाच.

परवा आईच्या शिवणयंत्राखालचा बिस्किटांचा डबा उघडला. बटणं हवी होती. आत बटणं नव्हती, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. नोव्हेंबरपासूनच्या सगळ्या, दवाखान्याच्या पाकिटांसकट, एकही न फोडलेली. तिचे पाय इतके सुजलेत की ती वडिलांच्या चपला घालून फिरते. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "विष बाहेर पडतंय रे. शुक्री म्हणाला, आधी त्रास वाढतो, मग उतरतो."

"आणि नाही उतरला तर?"

"तर पाणी कमी पडलं. दहा पेले प्यायचे, मी आठच पिते."

बघ कसं पढवलं आहेस. बरं वाटलं तर पाण्याने, नाही वाटलं तर तिच्या चुकीने. असा धंदा मलाही सुचला नसता.

तिला ओढत दवाखान्यात नेलं. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याण्णव, खालचा एकशे बारा. मूत्रपिंडं थकत चालली आहेत. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. तिने मला विचारलं, "घरात कुणी शहाणं माणूस नाही का, काका?" आयुष्यात पहिल्यांदा या प्रश्नावर मी हात वर केला नाही.

घरी आल्यावर मी आईला सगळं समजावून सांगितलं. तुझा तो नळाच्या आणि यंत्राच्या दोन पेल्यांचा खेळ काय आहे, तेही. तिने ऐकलं नाही. गोळ्या पुन्हा डब्यात गेल्या. येत्या शुक्रवारी नमाजानंतर सुराव-मशिदीच्या ओसरीवर तुझा यंत्र विकायचा कार्यक्रम आहे, आणि पहिल्या रांगेत आई बसणार आहे. "माझा रक्तदाब पाण्याने गेला" असं ती सगळ्यांसमोर सांगणार. निळी ओढणी इस्त्री करून ठेवली आहे. तिचं ऐकून आणखी किती जणी डबे भरतील, याचा हिशेब तू कर, तुला आकडेमोड येते.

हे पान मी काल संपवलं होतं. आज पुन्हा वाचलं. त्यात एक मोजमाप चुकलं आहे, आणि चुकीच्या मापाचं काम मी पाठवत नाही.

मी आईला सगळं सांगितलं, हे खोटं आहे.

मी सुरुवात केली होती. म्हटलं, "आई, नळाच्या पेल्यात पाणी चहासारखं होतं ना, ती घाण पाण्यातली नाही. सळीतली आहे. सळी लोखंडाची, पेटीतून वीज सोडली की ती विरघळते."

ती हसली. "मला शिकवतोस? ती पेटी कुणी केली ते मला माहीत आहे. खाली तुझं नाव कोरलंय, तारखेसकट. तू सुताएवढं वाकडं काम करत नाहीस. ती पेटी दुसऱ्या कुणाची असती ना, तर मी शुक्रीला दारात उभं केलं नसतं."

यावर मी बटणं शोधायला लागलो.

तुला आठवतं, बारा वर्षांपूर्वी तू माझ्या पडवीत बसला होतास. नोकरी गेली होती. म्हणालास, "दादा, अशी सळी काढ की लोक बघून हबकले पाहिजेत." मी पाच धातू लावून बघितले. तांब्याने पाणी हिरवं झालं, ते आपल्या लोकांना पटलं नसतं. आपण जन्मभर पिवळं पाणी बघितलेली माणसं, आपल्याला भीती तपकिरी रंगाची. मऊ लोखंडाने चाळीस सेकंदांत हवा तो रंग आला. मी वहीत टिपून ठेवलं. तू म्हणालास, "एवढं बारीक कोण बघतं?" मी म्हटलं, "मी बघतो." आणि सळ्यांची पेटी करून नेहमीप्रमाणे तिच्याखाली नाव कोरलं. कशासाठी हवी आहे ते मला तेव्हाच कळलं होतं. काम इतकं नेटकं झालं की बाकीचं मी बघितलं नाही.

तर ऐक. शुक्रवारी मी ओसरीवर असेन. तू दोन पेले मांड, सळ्या सोड. नळाचा पेला तपकिरी होईल, तुझ्या यंत्राचा स्वच्छ राहील. मग मी उठेन आणि तुझ्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकेन. पुढे काय होतं ते तुला माहीत आहे, कारण मीच तुला सांगितलं होतं की कुणाला मिठाची बरणी जवळ आणू देऊ नकोस. मीठ पडलं की क्षार गाळून टाकलेल्या त्या पाण्यातूनही वीज वाहते, आणि तोही पेला आईच्या डोळ्यांदेखत चहासारखा होईल. मग पेटी उलटी करून माझं नाव मी मोठ्याने वाचेन. तिचा माझ्यावरचा विश्वास तिथेच मोडेल. मोडू दे. त्याशिवाय ती गोळी घेणार नाही.

हे टाळायचं असेल तर गुरुवारी ये, कोट न घालता. आपण दोघे तिच्यासमोर बसू आणि तू आधी बोल. गोळीसाठी पाणी तुझ्या यंत्राचं चालेल.

पापड कोरड्या डब्यात ठेव.

पेटी करणारा,
तुझा दादा
झवावी