दावं किती लांब होतं

आप्पा, परवा जत्रेच्या मैदानात तुमच्या पणतीनं माझ्या पोराला सगळ्या लोकांसमोर एक प्रश्न विचारला, आणि घरी येईपर्यंत मी इतकी हसले की माझी खालची कवळी निसटून पदरात पडली. तुम्ही असता तर म्हणाला असता, बाईमाणसानं दात काढू नयेत. आता दातच हातात येतात त्याला मी काय करू? प्रश्न तिनं तिच्या बापाला विचारला खरा, पण तो तुमचा होता. तुम्ही जिवंत होता तोवर तुम्हाला कुणी विचारला नाही, आणि मेल्यावर तर तुमचा फोटोच लावला. म्हणून म्हटलं आपणच कळवावं. चौथीपर्यंत शाळेत धाडलंत, पुढं पोरीच्या जातीला काय करायचंय म्हणालात. त्या चौथीच्या जिवावर लिहिते आहे. लातूरच्या क्लासवाल्यांनी नातीला फुकट दिलेली वही कोरी पडली होती, तिची पानं घेतली. वेळ भरपूर आहे. पोरगा माझ्याशी बोलत नाही, त्याच्या धाकानं सून बोलत नाही, आणि मला तर बोलल्याशिवाय भाकर पचत नाही.

तुम्हाला सगळे उस्ताद म्हणायचे. उदगीरपासून देगलूरपर्यंत ज्याला शर्यतीचा घोडा घडवायचा तो तुमच्याकडं आणून सोडायचा. तुमचं ते चुचकारणं मला अजून ऐकू येतं. जीभ टाळ्याला लावून बारीक च् च् आवाज काढायचे, मग ओठातून एक लांब श्वास सोडायचा. बिथरलेलं जनावर त्या आवाजाला कान टवकारायचं आणि आपल्या पायानं तुमच्याकडं चालत यायचं. आम्हा मायलेकींना तुम्ही कधी तसं बोलावलं नाही. आम्हाला नुसतं ‘ए’. आणि चालत आलेल्या जनावराचं तुम्ही काय करायचा, तर त्याची मान उचलून बांधायचा. तोंडावरच्या म्होरकीचं दावं पागेतल्या वरच्या लाकडाला इतकं आखूड आवळायचं की डोकं खाली नेताच येऊ नये. अशानं मान ताठ राहते, शर्यतीत बघणाऱ्याचा जीव हरखतो, असं तुमचं म्हणणं. आई चुलीपाशी बसून एकदाच बोलली होती, “दावं जरा सैल सोडा की. एखाद दिवशी दचकंल अन् मागं उलथंल.” तुम्ही ताटातली भाकरी उचलून तिच्या परातीत फेकलीत. “घोड्याचं मला शिकवतीस? आधी भाकरी शीक. करपलीय ही.” भाकरी करपलेली नव्हती आप्पा. मी खाल्ली ना ती.

अबलख घोडी तेवढी तुमची स्वतःची. पांढऱ्या अंगावर तांबडे डाग, उपजतच नटलेली. त्या साली पाऊस आलाच नाही. विहिरीच्या तळाचा चिखल वाळून त्याच्या पापड्या झाल्या होत्या. टँकर कधी सकाळी यायचा, कधी दुपारी, कधी नुसती त्याची बातमीच यायची. आला की बायका घागरी घेऊन पळायच्या आणि एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. माझ्या बऱ्याच तिथंच गेल्या, म्हणून तर माझा अंबाडा कधी लिंबाएवढ्याच्या वर झाला नाही. ते जाऊ द्या. एका दुपारी टँकर आपल्या दारासमोरच उभा राहिला आणि त्याच्या नळातून धार सुटली. घोडी पागेत, आखूड दाव्याला. पाण्याचा वास आला तशी ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिनं झटका दिला. दावं तुटलं, आणि ती उलटी मागं कोसळली, थेट जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीच्या काठावर. दोन्ही कानांच्या मधोमध लागलं. डोणी कोरडी होती म्हणून आवाज घुमला. मी घागर टाकून धावले. तिच्या कानातून रक्ताची बारीक रेघ निघून डोणीत उतरत होती. कितीतरी दिवसांनी त्या डोणीत काही ओलं उतरलं ते हे. तुम्ही आलात, तुटलेलं दावं पाहिलंत, आणि आधी ते उचलून कडब्याच्या गंजीत खुपसलंत. मग घोडीकडं पाहिलंत.

तुम्ही चुचकारलंत आणि ती उठली. डोकं फुटलेलं असून उठली. पण तिची मान डावीकडं कलली ती कललीच. डोळे थरथर हलायचे. पाऊल टाकलं की त्याच अंगाला वळायची, घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरायची. आईनं जखमेवर मूठभर हळद दाबली. तेवढ्यात शेजारची काकू भरली घागर घेऊन दारावरून निघाली होती. तिनं काय बघितलं? कपाळभर पिवळं, मान एकीकडं, डोळे फिरलेले, आणि घोडी घुमत होती. खंडोबाचं वारं अंगात आल्यावर माणूस कसं करतं ते आपल्याकडं लेकरालाही माहीत. काकू तिथंच ओरडली, “अगं बया, देव आला गं घोडीत! भंडारा बघा, आपोआप उमटलाय!” आणि जिच्यासाठी मघाशी माझे केस ओढले होते ती घागर तिनं घोडीच्या पायांवर रिकामी केली.

आई म्हणाली, “अहो काकू, हळद हाय ती. मी लावलीय. डोकं फुटलंय तिचं.” काकूनं तुमच्याकडं बघितलं. तुमचं तोंड उघडलं होतं आप्पा, मी समोर होते, खरं बोलायला जेवढं लागतं तेवढं उघडलं होतं. मग ते मिटलं. तुम्ही पायातल्या वहाणा काढल्यात आणि घोडीपुढं हात जोडलेत. झालं. दिवस मावळेपर्यंत दारात रांग. ज्या गावात लेकरांना धुवायला पाणी नव्हतं त्या गावानं घागरी आणून तिच्या खुरांवर ओतल्या. ती तहानेनं खालचा चिखल चाटायला जायची, तोल जाऊन गुडघ्यांवर यायची, आणि लोक म्हणायचे देव नवस कबूल करतोय. मी बादली पुढं सरकवली तर तुम्ही माझं मनगट धरून मागं ओढलंत. “देवाला बादलीनं पाजतेत का गं? लोक बघत्यात.” रात्री आईला सांगितलंत, पुन्हा हळद म्हणालीस तर तोंड शिवीन. आई पुन्हा म्हणाली नाही. मरेपर्यंत नाही.

त्याच दिवसांत उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं. जिल्हा झाला. आम्हाला वाटलं जिल्हा झाला म्हणजे पाणी येईल. आल्या त्या कमानी आणि बँड. त्या आनंदात शर्यती ठेवल्या. लोक म्हणाले, उस्ताद, देवाची घोडी पळवा. तुम्ही तिच्या कपाळावर गोंड्यांचा मोठा तुरा बांधलात, जखम झाकली, आणि वर मामाला बसवलंत. मामा आईचा धाकटा भाऊ, हलका, तुमच्या शब्दाबाहेर नाही. तरी तो म्हणाला, “दाजी, ही एका अंगालाच ओढतीय.” तुम्ही म्हणालात, “देव ओढतोय. तू नुसता बस.” घोडे सुटले. बाकीचे सरळ गेले, आपली घोडी डावीकडं. मैदानाच्या कडेचा दोर तोडून ती उभ्या बैलगाड्यांत शिरली. मामाचा पाय तिच्याखाली. तुम्ही पळत आलात. मला वाटलं मामाला ओढाल. तुम्ही चुचकारलंत. तिनं कान वळवला. मान उचलून तुमच्याकडं यायला बघितलं, चाकावर आपटली. तुम्ही पुन्हा चुचकारलंत, तिनं पुन्हा उचलली. कान हलायचा थांबेपर्यंत तुम्ही तिला बोलावत होता. लोक रडत म्हणाले, जाता जाता देवानं उस्तादाचा निरोप घेतला. पंच विचारायला आले, “उस्ताद, जनावर धड होतं ना?” तुम्ही म्हणालात, “देवाचं होतं, देवानं नेलं.” पंचांनी हात जोडले. एवढीच तुमची चौकशी.

मग गावाबाहेर तिच्या समाधीचा ओटा बांधला आणि तुम्ही त्याच्याशेजारी बसायला लागलात. मामा लंगडत यायचा आणि त्या ओट्याची झाडलोट करायचा. त्याला वाटायचं आपण नीट बसलो नाही म्हणून देव रुसला. हे त्याला कुणी सांगितलं, ते तुम्हाला माहीत आहे. तो तसाच झाडत झाडत गेला.

तुम्हाला मुलगा नव्हता, म्हणून माझ्या पोराला तुम्ही ठेवून घेतलंत आणि सगळं शिकवलंत. सगळं. तुमच्यामागं तो उस्ताद झाला, आणि मी विधवा होऊन पुन्हा तुमच्याच घरी आले. त्याची पोरगी जनावरांची डॉक्टर व्हायला शिकते, शेवटच्या सालाला आहे. मी तिला अबलख घोडीचं सांगितलं तेव्हा ती हसली नाही की रडली नाही. म्हणाली, “आजी, तिच्या कानामागचं हाड फुटलं होतं. तोल तिथंच असतो.” देवाला हाड असतं हे मला त्या दिवशी कळलं.

परवा जत्रेच्या आधी माझ्या पोराचा काळा घोडा पागेत उलथला. तीच पागा, वरचं तेच लाकूड, डोणीचा तोच काठ. मी आणि नात शेतात होतो, सुनेनं मागून सांगितलं. तो लगेच माझा मिसळणाचा डबा उघडून हळद घेऊन गेला, आणि तसाच घोड्याला टेम्पोत घालून मैदानात. आम्ही पोचलो तोवर घोडा गोल फिरत होता, बायका ओवाळत होत्या, आणि माझा पोरगा वहाणा काढून उभा. हुबेहूब तुम्ही. नात गर्दीतून आत शिरली, हातात बादली. तिनं ती घोड्याच्या तोंडाखाली धरली. तो म्हणाला, “बाजूला हो. देव आलाय त्याच्यात.” ती म्हणाली, “मग देवाला तहान लागलीय, पप्पा.” घोड्यानं तोंड बुडवलं. निम्मं पाणी वाकड्या ओठातून खाली गळत होतं, तरी तो पीत होता. सगळं मैदान त्याचं पिणं ऐकत होतं. मग तिनं विचारलं, “दावं किती लांब होतं?”

“कशाचं दावं?”

“म्होरकीचं. वर बांधलं होतं ते.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. “आई, सांग की हिला, भंडारा हाय म्हणून.” मी पुढं झाले. पंचांच्या तोंडासमोर उभी राहून म्हणाले, “हळद हाय ती. माझ्याच डब्यातली. डोकं फुटलंय त्याचं.” आईचेच शब्द, फक्त या खेपेला तोंड शिवायला कुणी आलं नाही. म्हातारा पंच म्हणाला, “उस्ताद, पोरगी काय विचारतीय? दावं किती होतं?” तुमच्या नातवानं उजवा हात पुढं केला आणि मनगटापासून कोपरापर्यंत दाखवलं. तुमचंच माप. लोकांनी बघितलं आणि कुणी हात जोडले नाहीत. त्याला यंदा आणि पुढल्या वर्षी मैदानात पाय ठेवायची बंदी झाली. त्याची मान खाली गेली आप्पा, आणि ती वर बांधायला तुम्ही नव्हता. पोटचा पोरगा आहे, मला वाईट वाटायला हवं होतं. मला गोड वाटलं. अजून वाटतंय. दर चहाबरोबर थोडं थोडं आठवून बघते.

तुमच्या ओट्याला काही झालेलं नाही, घाबरू नका. काकूच्या सुनेनं काल तिथं नारळ फोडला. काळा घोडा दारात आहे. नात म्हणते जगेल, पण मान अशीच राहील. तिनं त्याला खाली, अंगणभर लांब दाव्याला बांधलंय. पाणी मीच पाजते. ही पानं मी कुठं टाकणार, तुमचा पत्ता मला माहीत नाही आणि तुम्हाला वाचताही येत नव्हतं. सकाळी बादली घेऊन उभी राहते, तो पाठमोरा असतो, आणि त्याला बोलावायला माझ्या तोंडातून तुमचंच चुचकारणं निघतं. दुसरा आवाज मला येतच नाही. तो कान वळवतो, आणि वाकड्या मानेनं माझ्याकडं चालत येतो.