समासातली एक ओळ

बाबा,

तुम्ही बाइंडर आहात, पुस्तकांचे डॉक्टर आहात, सगळं मान्य. पण माझ्या अभ्यासाच्या कथासंग्रहाला हात लावायला सांगितलं कोणी? नवी शिवण, नवा पुठ्ठा, आणि समासात मी पेन्सिलीनं लिहिलेलं सगळं रबरानं चकाचक पुसून टाकलंत! घाण नव्हती ती. वर्षभर सुचलेले मुद्दे होते. परवा पेपर आहे. मोठ्या प्रश्नांच्या उत्तरात आता काय तुमच्या पुठ्ठ्याचं वर्णन लिहू? कॉलेजचा फॉर्मही असाच मला न विचारता भरून आलात.

मैत्रिणीकडे चाललेय. आठवेल तेवढं तिच्या पुस्तकावरून पुन्हा लिहून काढते. आठपर्यंत येईन. जेवण झाकून ठेवलंय. समजूत काढायला फोन करू नका.

आणि हो, पान बावन्नवरची ओळ तेवढी राहिलीय. कथेतल्या वडिलांबद्दल मी लिहिलं होतं, ‘यांची माया खूप, पण हे कुणाला विचारत नाहीत, परस्पर करून मोकळे होतात.’ पहिल्या शब्दावर रबर फिरवून तुम्ही थांबलात, ते दिसतंय मला.

तसंच पहिल्या पानावर थांबला असतात तर!