डोळ्यांची आखणी

चि. पुंडलिकास दादाचे आशीर्वाद. पेणला सगळे बरे असाल.

मी स्पेनात लेकीकडे, मृणालीकडे, सुखरूप आहे. ती मला इथलं बोलणं शिकवते. 'मेहोर' म्हणजे आधीपेक्षा बरं, 'पेओर' म्हणजे आधीपेक्षा वाईट.

इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आता कसं दिसतं? कोणी विचारलं की 'बरं हाय' म्हणायची आपली सवय. मी 'मेहोर' म्हणालो, आणि त्यांनी औषध थांबवलं. खरं तर पेओर दिसतंय. मृणालीने रजा काढून नेलं होतं, आता तिला कुठल्या तोंडाने सांगू?

तुझा गुडघा कसा आहे? खरं लिही.

कारखान्यातल्या गणपतींचे डोळे माझ्यासाठी राखून ठेवू नकोस. यंदा तूच आख.

तुझा,
दादा