दुसऱ्या बाजूचा बाक

१४ नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत असं लिही, म्हणून आई समोर बसून सांगतेय. म्हणून लिहिते.

बाबांच्या हाताला पुन्हा काम आहे. पूर्वी निवडणूक आली की भिंतींवर पाच-सहा पक्षांची चिन्हं रंगवायचे, आता एकच. "डोळे मिटून काढतो," म्हणतात, पण हसत नाहीत.

मी आठवीला पक्षपद्धती शिकवतेय. एकपक्षीय, द्विपक्षीय, बहुपक्षीय. नुसती घोकंपट्टी नको म्हणून वर्गातच पक्ष काढायला लावले. चार निघाले. मला कोण आनंद! जिंकणाऱ्यांनी वर्गाचा चेंडू सांभाळायचा, एवढाच अधिकार. आठवड्याभरात दोन पक्ष चेंडूवाल्यांत गेले, मग तिसऱ्यातले एकेक. दुसऱ्या बाजूच्या बाकावर एकच मुलगी राहिली. शुक्रवारी तीही उठली. विचारलं तर म्हणाली, "बाई, डबा खायला शेजारी कोणी बसत नव्हतं."

मुख्याध्यापक दारातून डोकावले. "वा! वर्गात एकी झाली की!"

पुस्तकात अजून छापलंय, आपल्याकडे बहुपक्षीय पद्धत आहे. परीक्षेत तेच लिहायचं.

तुमच्या पक्षाचे अध्यक्ष हार गळ्यात घालून सत्तेतल्या पक्षात गेले, हे तुला कळलं असेलच. कचेरीची भिंत बाबांनाच रंगवायला दिली. तुमचं चिन्ह बुजवायला रंगाचे तीन हात लागले. मागच्या आठवड्यात त्यांची माणसं घरी चहा पिऊन गेली. तू परत यायचं, त्यांच्या पक्षाच्या अर्जावर सही करायची, मग खटले मागे घेतील. "पोरगा हुशार आहे, उगाच कशाला लपतछपत फिरतोय?" तेव्हापासून आई रोज तुझी खोली झाडतेय.

आणखी एक. सोमवारी मीही सही केली. धमकी वगैरे कोणी दिली नाही रे. शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी बोलणं बंद झालं होतं, इतकंच. त्या मुलीला काही बोलायला मला तोंड राहिलं नाही.

'ये' असं लिहिलंय, हेच आईला सांगणार आहे. दादा, येऊ नकोस. एकट्या माणसाचा पक्ष होत नाही, हे मीच शिकवते. पण तू आलास की पलीकडे कोणीच उरणार नाही.

आणि थकून आलासच, तर मी रागावणार नाही. आमच्याच बाकावर सरकून जागा देईन. दुसरा बाक काल शिपाईकाकांनी अडगळीत नेला.

तुझी, आणि आता त्यांचीही,
ठकी